गेनबा आणि नादुरुस्तची पाटी

माळकरंजे नावाच्या एका गावात गेनबा नावाचा एक भोळा रखवालदार होता. रखवालदार तो पुढे झाला. भोळा आधीपासून होता.

गावातल्या डेअरीत तो कामाला लागला तेव्हा मॅनेजर म्हणाले, "मी आलोच. कढईतल्या दुधावर लक्ष ठेव." गेनबाने ठेवलं. दूध वर आलं, कढईबाहेर पडलं, उंबऱ्यावरून उतरून रस्त्याला लागलं. गेनबा त्याच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेला, पण नजर म्हणून हलवली नाही. मग जत्रेत चपला सांभाळायचं काम मिळालं. पंच म्हणाले, "चपलांना कुणाला हात लावू देऊ नकोस." त्याने मालकांनाही लावू दिला नाही. अख्खं गाव अनवाणी घरी गेलं, पंचांसकट.

त्या दिवशी त्याच्या बायकोने, हौसाने, ट्रंक भरली.

"मी चालले माहेरला," ती म्हणाली. "एका जागी चार दिवस टिकून दावा, मग येते. आन् ऐका. सांगतील तेवढंच करा. आपलं डोकं चालवू नका."

"बरं," गेनबा म्हणाला.

हौसा गेली आणि घर खायला उठलं. भाकरी थापावी तर ती तव्याला चिकटून बसे. काही बोलावं तर चूल उत्तर देत नसे. महिनाभरात गेनबा निम्मा झाला. काही करून चार दिवस टिकायचं आणि हौसाला परत आणायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

तेवढ्यात तालुक्याच्या गावी, जुन्या तेलगिरणीच्या लांबलचक इमारतीत, 'करून पाहा' नावाचं विज्ञान केंद्र निघालं. तिथे हवेवर तरंगणारा चेंडू होता. पायडल मारलं की दिवा लावणारी सायकल होती. हात ठेवला की डोक्यावरचे केस उभे करणारा गोळा होता. वाकड्यातिकड्या आरशांचा भुलभुलैया होता. आणि एक अंधारखोली होती. तिच्यात भिंतीसमोर उभं राहिलं की लख्खकन उजेड पडे, माणूस निघून जाई आणि त्याची सावली मात्र भिंतीवर चिकटून राही.

केंद्राच्या प्रमुख होत्या वाघचौरे बाई. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना रखवालदार हवा होता.

"मंगळवारी केंद्र उघडतंय," बाई म्हणाल्या. "उद्घाटन शनिवारी आहे. पाहुण्यांना तोवर सवड नाही. शनिवारी सहाच्या ठोक्यापर्यंत नीट काम केलंस तर कायम करते."

गेनबाने हौसाच्या माहेरी निरोप धाडला. 'शनिवारी सहाला ये. ट्रंक घेऊन ये.'

मंगळवारी सकाळी बाईंनी पहिला धडा दिला. "गेनबा, दुसऱ्या संग्रहालयात 'हात लावू नये' अशी पाटी असते. इथे उलट. येईल त्याने दिसेल त्या वस्तूला हात लावलाच पाहिजे. कुणी बुजला तर त्याचा हात धर आणि लाव."

"बरं बाई. तसंच करतो."

दहा वाजता शाळेची चाळीस मुलं आणि एक हेडमास्तर आले. पहिली वस्तू म्हणजे फाटक. रंगाऱ्याने त्याला नुकताच निळा तेलरंग देऊन डबा खाली ठेवला होता. मुलं बुजली. गेनबाने एकेकाचा हात धरला आणि फाटकाला लावला. चाळीस मुलांचे ऐंशी हात लावून झाल्यावर हेडमास्तर राहिले होते. त्यांनाही सोडलं नाही. मग मुलांनी आत जाऊन प्रत्येक वस्तूला हात लावला. चेंडू निळा झाला. सायकल निळी झाली. हेडमास्तरांचा पांढरा सदरा मागून निळा झाला, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचा हात त्याआधी चेंडूला लागला होता.

"अरे, ओला रंग होता तो!" निळ्या कपाळाच्या बाई म्हणाल्या. "ओलं दिसलं की चहूबाजूंनी दोरी बांधायची. वाळेपर्यंत कुणाला फिरकू द्यायचं नाही. कळलं?"

"कळलं बाई. आता तसंच करतो."

आणि सायकलवरून घरी जाताना तो वाटभर म्हणत गेला, "ओलं दिसलं की दोरी. ओलं दिसलं की दोरी."

बुधवारी तो दोरीचं बंडल घेऊनच आला. आत शिरताच त्याने ओलं काय काय आहे ते पाहिलं. पाण्याची टाकी ओली होती. तिला दोरी बांधली. हात धुवायच्या नळाखाली ओलं होतं. तिथे बांधली. मग तो संडास-मुतारीच्या बाजूला गेला. तिथे तर ओलंच ओलं. तिथे त्याने दोरीचे सात वेढे दिले आणि पुढे स्टूल टाकून बसला.

त्या दिवशी दुसऱ्या शाळेची मुलं होती. उन्हातून चालत आलेली, वाटेत उसाचा रस प्यायलेली.

"काका, सोडा ना!"

"वाळू द्या."

"काका, लई घाईची हाय!"

"मग फुका. लौकर वाळंल."

साठ मुलं रांगेत उभी राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली. बाई लांबून आल्या. त्यांना वाटलं, मुलांना विज्ञानाचा आनंद झालाय. जवळ आल्यावर त्यांनी कात्रीने दोरी कापली.

"गेनबा!" बाई ओरडल्या. "समोरचा माणूस कासावीस झालाय, दिसत नाही तुला? कपाळाला आठ्या, तोंड वाकडं, जागच्या जागी चुळबुळ. असा कुणी दिसला की काही विचारायचं नाही. हात धरायचा आणि तडक वाट दाखवायची, बाहेर!"

"बरं बाई. आता तसंच करतो." आणि वाटभर म्हणत गेला, "आठ्या दिसल्या की बाहेर. आठ्या दिसल्या की बाहेर."

गुरुवारी कॉलेजातले एक प्राध्यापक आले. ते कोड्याच्या टेबलाशी बसले. दोरा न तोडता त्यातली लोखंडी कडी सोडवायची होती. प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गेनबाने त्यांचा हात धरला आणि फाटकाबाहेर नेऊन सोडलं. कडी हातातच राहिली.

आरशांच्या भुलभुलैयात एक नवीन जोडपं शिरलं होतं. वाट सापडेना म्हणून ते आनंदाने घोटाळत होतं. नवऱ्याचं तोंड वाकडं दिसलं. आरसाच वाकडा होता, पण गेनबा आपलं डोकं चालवत नसे. त्याने नवऱ्याला बाहेर काढलं. बायकोचं तोंड सरळ होतं. तिला ठेवलं.

दुपारी तीनपर्यंत केंद्रात ती एकटी उरली होती आणि फाटकाबाहेर नव्वद माणसं.

बाई आता खुर्चीत बसूनच बोलल्या. "बाळा, लोक इथे अडायलाच येतात रे. अडलं की माणूस विचार करतो. कुणी कितीही अडला तरी आपण सोडवायचं नाही. आपण फक्त विचारायचं, 'तुम्हाला काय वाटतं? स्वतः करून बघा.' आणि त्याला उत्तर सापडलं की टाळ्या वाजवायच्या. एवढंच."

"बरं बाई. आता तसंच करतो."

शुक्रवारी दुपारी केंद्रात शुकशुकाट होता. काल बाहेर काढलेल्यांनी गावभर सांगितलं असावं. बाई अंधारखोलीतला दिवा तपासायला आत गेल्या. दार मागे लोटलं गेलं आणि बाहेरची सैल कडी आपोआप पडली.

"गेनबा!" आतून आवाज आला. "अरे, मी अडकले!"

गेनबा धावत आला. कडीला हात घालणार, तेवढ्यात त्याला कालचा धडा आठवला आणि अंगावर काटा आला. केवढी चूक होणार होती! हौसा डोळ्यांपुढे उभी राहिली.

"तुमास्नी काय वाटतं, बाई?" त्याने दाराला तोंड लावून विचारलं.

"मला वाटतं तू दार उघडावंस!"

"सोता करून बघा."

आत दोन-चार धक्के बसले.

"अरे मूर्खा, कडी बाहेरून आहे!"

गेनबाला भरून आलं. बाईंना उत्तर सापडलं होतं. त्याने हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

साडेचारला रंगारी फाटकाला दुसरा हात द्यायला आला, त्याने कडी काढली. बाई बाहेर आल्या. भिंतीवर त्यांची सावली अजून दार बडवत होती.

बाईंना ओरडायचं होतं. पण आवाज आतच संपला होता.

"दार बिघडलंय," त्या कुजबुजल्या. "बिघडलेली वस्तू अशी चालू ठेवायची नसते. बटण दाबून, हलवून बघायचं. हलली नाही तर बिघडली. तिच्यावर 'नादुरुस्त' अशी पाटी लावायची, कापड टाकायचं, आणि मागच्या गोदामात नेऊन कडी घालायची. ह्या घे दोन पाट्या. उद्या उद्घाटन आहे. मी तुझ्या पाया पडते."

"बरं बाई. आता तसंच करतो."

शनिवारी मंडप भरला. उद्घाटनाला जिल्ह्यातले ज्येष्ठ पुढारी आप्पासाहेब आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. छातीवर स्वागताचा लाल, गोल बिल्ला. त्यांना चाकाची खुर्ची दिली होती, म्हणजे ऑफिसातली, बाईंची. बाईंनी भाषण सुरू केलं. विश्व कसं निर्माण झालं इथपासून केंद्राला जागा कशी मिळाली इथपर्यंत यायचं होतं. पाऊण तासाने ग्रहगोल आले. ते पडद्यावर दाखवायचे म्हणून दिवे मालवले.

गेनबा स्टेजच्या कडेला उभा होता. त्याने पाहिलं, आप्पासाहेब हलत नाहीत. त्याने लाल बिल्ला दाबला. काही झालं नाही. हात वर उचलून सोडला. हात धपकन मांडीवर पडला. गेनबाने मान हलवली. एवढी मोठी वस्तू, आणि ऐन उद्घाटनाला बिघडली.

त्याने हारावरून पाटी अडकवली. 'नादुरुस्त. तसदीबद्दल क्षमस्व.' टेबलावरचं कापड ओढून वर टाकलं आणि खुर्ची ढकलत गोदामात नेली. कडी घातली. दिवे लागायच्या आत जागेवर येऊन उभा राहिला.

"आणि आता," बाई म्हणाल्या, "आदरणीय आप्पासाहेब..."

खुर्चीच नव्हती, मग आप्पासाहेब कुठून असणार.

"गेनबा," बाई अगदी हळू म्हणाल्या, "पाहुणे कुठायत?"

"ते व्हय? बिघडले हुते. गोदामात टाकलं."

मंडपच्या मंडप गोदामाकडे पळाला. कडी निघाली. एक पाय नसलेला हाडांचा सापळा आणि निळा चेंडू यांच्या मधोमध कापडाखाली कुणीतरी घोरत होतं. कापड काढलं. आप्पासाहेबांनी डोळे उघडले, लांबलचक जांभई दिली, पाटी वाचली.

"हे कुणी केलं?"

"मी," गेनबा म्हणाला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"चाळीस वर्षं कार्यक्रम करतोय," आप्पासाहेब म्हणाले. "उघड्या डोळ्यांनी झोपायची सवय झाली होती. पहिल्यांदा कुणी उचलून निवांत जागी नेऊन ठेवलं. वर पांघरूण घातलं. बाई, या माणसाला कायम करा. नाहीतर मी नेतो."

बाईंनी डोळे उघडले. पाहुण्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

"सहा वाजेपर्यंत आणखी काही झालं नाही," त्या दातओठ खात म्हणाल्या, "तर कायम."

सगळे चहाकडे गेले. घड्याळात सहाला पाच कमी होते. गोदामापाशी एकटा गेनबा राहिला. आणि समोर, हातात ट्रंक घेऊन, हौसा.

ती साडेपाचच्या एसटीने आली होती. गर्दीमागे उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं. आपला नवरा, खाकी कपड्यात, आणि एवढा मोठा माणूस त्याला कायम करा म्हणतोय. तिचे डोळे भरून आले. ती जागच्या जागी नुसती बघत राहिली.

गेनबाच्या काळजाने उडी मारली. धावत जाऊन तिची ट्रंक घ्यावी असं त्याला फार वाटलं. पण अजून पाच मिनिटं होती. आता एक धडा चुकला की हौसा गेली ती गेलीच. तेव्हा त्याने आपलं डोकं बाजूला ठेवलं आणि नीट पाहिलं.

हौसाचे डोळे ओले होते. त्याने दोरी काढली आणि तिच्याभोवती चार वेढे दिले. हौसाचं तोंड उघडं पडलं, पण त्यातून आवाज आला नाही.

"हौसे," त्याने हाक मारली. हौसा हलली नाही. तिच्या कपाळावर लाल, गोल कुंकू होतं. त्याने ते दाबलं. काही झालं नाही. खांदे धरून हलवलं. हौसा थिजून गेली होती.

गेनबाचे डोळे पाणावले. महिन्याभराने आली, आणि अशी बिघडून आली. पण आज दुरुस्तीची सगळी सोय इथेच होती. त्याने उरलेली पाटी तिच्या गळ्यात घातली. कापड टाकलं. आत नेण्याआधी तिचा हात धरून दाराला लावला, मंगळवारचं राहायला नको म्हणून. ट्रंकेसकट तिला सापळ्याशेजारी उभं केलं आणि बाहेरून कडी घातली.

सहाचे ठोके पडले. गेनबा कायम झाला.

तेवढ्यात आत हौसाला कंठ फुटला. "अवो! दार उघडा! आत कुनाची हाडं हायती!"

"तुला काय वाटतं, हौसे?" गेनबाने मायेने विचारलं. "सोता करून बघ."

आत ट्रंक दारावर आदळली. एकदा. दोनदा. मग माहेरपर्यंत ऐकू जाईल असा आवाज आला.

"अवो, कडी भाईरनं हाय!"

आणि गेनबाने टाळ्या वाजवल्या.