राणीमाशी आणि सरड्याचा परतावा

फार पूर्वी, युरोपच्या दक्षिणेला समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर सरड्याचं राज्य होतं. तीन पोळ्यांमागे एक पोळं कर, असा त्याचा नियम. एकदा बेटावरच्या मधमाश्यांची राणीमाशी कर भरायला गेली, तर सरडा परदेशी मधमाश्यांना त्यांचा कर परत करत होता. मध सगळा परदेशात गोळा करायचा; बेटावर नावापुरतं एक रिकामं पोळं टांगलं, एवढंच त्यांचं इथलं काम!

“महाराज, राबायचं आम्ही आणि परतावा यांना?” राणी कडाडली.

“अगं, पाहुण्या त्या. रुसून गेल्या तर?”

“म्हणजे आम्ही कुठं जात नाही, हाच आमचा गुन्हा!”

त्याच दिवशी तिचं अख्खं मोहोळ शेजारच्या बेटावर गेलं. वसंतात सरड्याच्या बेटावर फुलांवर बसायला माशीच नव्हती, म्हणून बदामाला फळच धरलं नाही. सरडा ओंडक्यावर बसून, पाय मारत समुद्र ओलांडून धापा टाकत राणीकडे आला.

“राणीसाहेब, परत चला. तुमचाही कर परत करतो!”

राणी म्हणाली, “का? आता आम्ही परदेशी झालो म्हणून?”