सतारेआबांची मींड

पुष्कळ दिवस झाले या गोष्टीला; किती, ते मोजणारं कुणी उरलं नाही. एका गावात एक म्हातारा होता. दिवसा धर्मशाळेच्या विहिरीवर वाटसरूंसाठी पाणी ओढायचा आणि संध्याकाळी देवळात गवयाच्या साथीला सतार वाजवायचा. सगळे त्याला सतारेआबा म्हणत. गवयाच्या डाव्या हाताला आबांची जागा. चाळीस वर्षं ती ठरलेली.

जुना गवई वारला, नवा आला. याचा सूर लांब. एका सुरावरून दुसऱ्यावर असा जाई, की मधला सांधा दिसू नये. आबा मात्र प्रत्येक सुराला तार छेडत. टण, टण. गाणं तुटायचं.

गवई माणूस चांगला होता. त्यानं आबांना बाजूला घेऊन सांगितलं, की मला मींड लागते. तार एकदाच छेडायची आणि पडद्यावर ओढत सूर पुढं न्यायचा. पौर्णिमेपर्यंत जमलं तर बरं, नाहीतर दुसरा साथीदार बघावा लागेल.

आबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या जागेवर बसायचं नाही, तर संध्याकाळचं करायचं काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

गावात मींड येत होती ती फक्त कासाराच्या लेकीला. लहानपणी सतार कशी धरायची ते तिला आबांनीच दाखवलेलं. पुढं ती परगावी शिकून आली. आबा तिच्या ओट्यावर गेले आणि पाया पडायला वाकले. ती दचकून मागे सरली.

"आबा, हे काय? तुमच्यामुळं मी सतार धरली."

"ते तेव्हाचं झालं. आज मला येत नाही, बाई. शिकव."

शिकणं सोपं नव्हतं. आबा तार ओढत, पण धीर निघेना. सूर विझेल या भीतीनं लगेच पुन्हा छेडत. बोटं कापली. शेजारी म्हणायचा, आबा, माळ ओढायच्या वयात तार कसली ओढता? आबाही हसायचे आणि बोटाला हळद लावायचे.

एके सकाळी ती पोर विहिरीवर आली. आबा पोहरा ओढत होते. ती बघत उभी राहिली.

"आबा, दोराला हिसका का देत नाही?"

"हिसका दिला की पोहरा हिंदकळतो, पाणी सांडतं."

"मग तारेला का देता?"

आबांनी भरला पोहरा काठावर ठेवला आणि दोरावरून बोट सावकाश ओढून बघितलं.

पौर्णिमेला देऊळ भरलं. गवयानं सूर लांबवला. आबांनी तार एकदाच छेडली आणि सावकाश, न सांडता, सूर वर नेला. सगळ्या गाण्यात अशी मींड तीनदाच नीट आली. बाकी आपलं जुनंच. पण गवयानं गाता गाता डावीकडं बघून मान हलवली. जागा राहिली.

गाणं संपल्यावर लोक विचारू लागले, आबा, हे कुणाकडनं उचललं? आबा उठले, बायकांत मागे बसलेल्या त्या पोरीसमोर गेले आणि वाकले. या वेळी ती सरली नाही. मागे भिंत होती.

"पोरी, एवढी वर्षं वाजवलं, पण सूर कसा सांभाळायचा ते तुझ्यामुळं कळलं. देव तुझं भलं करो."

दुसऱ्या दिवशी कासाराच्या ओट्यावर गावची साठीची सुईण सतार शिकायला येऊन बसली. तिच्या मागे तो चेष्टा करणारा शेजारीही होता.

बाळांनो, शिकायला वय आड येत नाही, आणि शिकवणारा वयानं लहान असला तरी त्याचे उपकार मोठेच असतात.