भिंतीचे दाते

डोंगरउतारावरच्या एका गावी एकदा एक वृद्ध गवंडी ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनामंदिराची भिंत बांधीत होता. मंडळी गरीब. सुगी सरली की लोक दगड आणि चुना जमवीत, आणि त्यात बसतील तेवढे थर चढत. अशी अठरा वर्षे गेली होती. गवंड्याच्या हाताखाली शांतवन नावाचा शिष्य होता. तिशी ओलांडलेला, हाताने चांगला, डोक्याने तापट.

गवंड्याचा एक नेम होता. शनिवारी दिवस कलला की तो ओळंब्याची दोरी गुंडाळी. थर अर्धा असो, हातातला दगड नेमका बसणारा असो, तो खाली ठेवी, "प्रभू, आता तू बघ," एवढे म्हणून घरी जाई. सोमवारपर्यंत भिंतीला हात लावीत नसे. शांतवनला हे कधीच पटले नव्हते.

त्या वर्षी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि हात कापू लागला. एका गुरुवारी मंडळीचे पंच बांधकामावर आले. पुढे पारधे मास्तर. इकडचे तिकडचे बोलून त्यांनी सांगून टाकले की सोमवारपासून तालुक्याहून दुसरा गवंडी येणार आहे. मग हसून म्हणाले, "बाबा, तुमचा ओळंबा अजून सरळ आहे हो, पण धरणारा हललाय." बरोबरचे दोघेही हसले. अठरा वर्षांबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. म्हातारा "बरं" म्हणाला आणि थापी धुऊ लागला.

शांतवनच्या अंगाची लाही झाली. त्याने पंचांना तोंडावर ऐकवले, की भिंत छतापर्यंत जायला एक उन्हाळा उरला आहे, तेवढाही धीर तुम्हाला निघत नाही. उद्या छत चढल्यावर पाटी मात्र तुमच्याच नावांची लागेल. मास्तर टोपी सारखी करून चालू लागले. पण मास्तरांच्या चेष्टेपेक्षा गुरूचे ते "बरं" त्याला अधिक झोंबले.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आलाच नाही. शांतवन एकटा राबला. भिंत लांबीत जिथे थांबली होती तिथे त्याने घडीव दगड निवडून टोकाच्या खाचा भरल्या आणि टोक बंद करून टाकले; ओळंब्यात सरळ, पाटासारखे सपाट. त्यावर छिन्नीने गुरूचे नाव कोरायचे त्याच्या मनात होते. इथवर आमच्या बाबांचे काम. पुढे येणाऱ्या उपऱ्याने आपली भिंत शेजारी वेगळी उभी करावी, आणि सांध्याला तडा गेला की सगळ्या गावाने पाहावा.

शनिवारी दुपारी म्हातारा आला. नीट दिसत नव्हते म्हणून त्याने टोकावरून तळवा फिरवला, खालपासून वरपर्यंत. मग हातोडा मागितला. शांतवनला वाटले, बाबा शेवटचा दगड स्वतः ठोकणार. म्हाताऱ्याने टोकाचा वरचा दगड ठोकून सैल केला आणि खाली लोटला. मग एक थर सोडून त्याखालचा. मग पुन्हा एक सोडून. चुना अजून ओला होता. दगड सुटत गेले.

शांतवनने त्याचा हात धरला. "त्यांनी तुमचा अपमान केला बाबा. आणि तुम्ही माझंच काम मोडताय?"

"अपमान झालाच," म्हातारा म्हणाला. "मास्तर वाईट वागले. दोन रात्री मला झोप नाही, लेकरा. पण त्यांच्यावरचा राग तू भिंतीत घातलास. भिंतीनं तुझं काय केलंय?"

धाप लागून तो पडलेल्या दगडावर बसला आणि सावकाश बोलू लागला.

"मी आलो तेव्हा ही भिंत गुडघ्याएवढी होती. तिच्या टोकाला असेच दाते सोडले होते, एक दगड पुढं, एक मागं. कुणी सोडले ते माहीत नाही. त्यालाही असंच कुणी काढलं असेल, नाहीतर मेला असेल. पण माझा पहिला दगड त्याच्या दात्यांत बसला. त्यानं टोक बंद केलं असतं, तर माझी अठरा वर्षं शेजारी उभी राहून फाटली असती. 'पूर्ण झालं' म्हणायचा हक्क एकाचाच रे. प्रभू क्रूसावरून तसं म्हणून गेला. माणूस ज्या कामानं तरतो ते तेव्हाच संपलं. म्हणून माझं अर्धं राहिलं तरी मी बुडत नाही. दर शनिवारी मी हेच करत आलो. आजचा शनिवार जरा मोठा आहे, एवढंच."

शांतवनचा राग गेला नव्हता. पण उरलेले तीन दगड त्यानेच काढले, कारण म्हाताऱ्याचा हात आता खरोखर हलत होता. दिवस कलला. म्हाताऱ्याने दोरी गुंडाळली, "प्रभू, आता तू बघ," म्हणाला आणि ओळंबा शांतवनच्या हाती दिला.

सोमवारी नवा गवंडी आला तो भांडणाच्या तयारीनेच. भिंतीच्या टोकाशी मात्र थांबला. दात्यांमध्ये हात घालून पाहिला. मग आवाज उतरवून विचारले, "कोण होतं इथं?" शांतवनने गुरूचे नाव सांगितले आणि पहिला दगड उचलून त्याच्या हातात ठेवला. दगड नेमका बसला.

त्या शनिवारी दिवस कलला तेव्हा थर अर्धाच होता. एवढा एक बसवून जाऊ, असे नवा गवंडी म्हणत होता. शांतवनने हातातला दगड खाली ठेवला आणि ओळंब्याची दोरी गुंडाळू लागला.