झांजेवरचं फडकं

"…मग तुम्हीच सांगा आक्का, बिघडलंय काय? माझा आवाज, की लोकांचे कान?"

गोदाक्का मठीच्या उंबऱ्यात सुपात कुळीथ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

नरहरबुवांचा चेहरा होता तसाच राहिला. हल्ली तो हलतच नसे. उजवा हात मात्र मांडीवर थरथरत होता, आणि राग आला की तो जास्तच थरथरे.

"तुम्हीसुद्धा, आक्का?"

हे मात्र आक्कांना ओठांवरून कळलं.

बुवा म्हणजे तळकोकणातले नामांकित कीर्तनकार. आवाज मोठा आणि त्या आवाजाचा ताठाही मोठा. ते देवळात उभे राहिले की आख्यान कुठवर आलंय ते रस्त्यावरचा एसटीचा कंडक्टरही सांगू शके, असं लोक कौतुकाने म्हणत. बुवाही ते ऐकून घेत, नको म्हणत नसत.

मग कंपवात आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, हा रोग हात कापवतो, तसा आवाजही बारीक करतो. हाताचं बुवांनी मानलं, कारण हात डोळ्यांना दिसत होता. आवाजाचं मानलं नाही. आपण पूर्वीइतक्याच जोरात बोलतो, अशी त्यांची मनापासून खात्री होती.

त्यांनी पिशवीतून चिपळ्या काढून उंबऱ्यावर ठेवल्या. कीर्तन शिकवलं होतं ते आक्कांनीच, आणि पहिल्या कीर्तनाच्या दिवशी ह्या चिपळ्याही त्यांनीच दिल्या होत्या.

"ह्या परत घ्या. उद्या उत्सवाचं कीर्तन आहे. मी उभा राहणार नाही."

आक्कांनी चिपळ्यांना हात लावला नाही.

"करून काय काय पाहिलंस?"

"सगळं! तबला हळू केला. पेटीवाल्याला भाता जपून ओढायला सांगितला. सभामंडपातले पंखे बंद केले. आता देवळात पाल चुकचुकली तरी ऐकू येते…"

"आणि तू?"

बुवांनी चिपळ्या आणखी पुढे सरकवल्या.

"परशराम," आक्का म्हणाल्या, "झांज आणलीस?"

परशराम पायरीवर बसला होता. बुवांच्या मागे झांज धरता धरता त्याचे केस पिकले होते. आज तोच बुवांना हाताला धरून इथवर घेऊन आला होता. त्याने खांद्याची झोळी पुढे घेतली, झांज बाहेर काढली आणि खाली बघत बसला.

झांजेच्या दोन्ही वाट्यांना फडकं गुंडाळलेलं होतं.

"हे काय?"

"आक्का, बुवांचो आवाज बारीक झालो. तेच्यार झांज कशी वाजवू? माझा मन होयना."

"बुवांनी सांगितलं?"

"नाय. मीच बांधलंय."

आक्कांनी झांज मागून घेतली. फडक्याची गाठ घट्ट होती. ती त्यांनी सावकाश सोडवली, फडक्याची घडी घातली आणि गुडघ्यावर ठेवली.

"नरहर, उद्याचं आख्यान कुठलं?"

"राजा आणि नावाडी. नदीला पूर आलाय, राजा काठावर अडकलाय…"

"सांग."

बुवांनी सुरुवात केली. आणि आक्कांनी झांज वाजवायला घेतली.

हळू नव्हे. दोन्ही हात उचलून, उत्सवात वाजवतात तशी. मठीच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

बुवा थांबले. "आक्का, हे काय…"

आक्कांनी कानामागे हात नेला, मान हलवली आणि पुन्हा झांज घुमवली.

बुवा पुन्हा सांगू लागले. झांज वाढली. बुवांनी मान ताठ केली. झांज आणखी वाढली. आक्का आपल्याशी भांडताहेत असंच बुवांना वाटलं असावं, कारण ते बसल्या जागेवरून उठले. परशरामचा हातही त्यांनी धरला नाही. राजा काठावर आला होता, पाणी पायरीला लागलं होतं, आणि झांज काही थांबत नव्हती.

"अरे नावाड्या! नाव आण रे! नाव आण!"

आक्कांनी झांज छातीशी धरली. आवाज विरला.

मठी शांत झाली. मठीखालच्या खाडीवर ती हाक अजून चालली होती…

"परशा, तू का रडतोयस?" बुवांनी विचारलं.

 परशरामने नुसतं खाडीकडे बोट केलं.

पलीकडच्या काठावरून तरीची होडी सुटली होती. तरवाला घाईघाईने वल्ही मारत होता. तो अलीकडे लागला, दोर बांधला आणि पायऱ्या चढून वर आला.

"हाक कोणी मारल्यान? कोणाक जावचा आसा?"

"मी मारली," बुवा म्हणाले.

तरवाला जवळ आला. "काय म्हणालात?"

"मी… हाक मारली."

"काय?"

बुवांनी तरवाल्याकडे पाहिलं. मग खाडीकडे. हाक पलीकडे पोचली होती, आणि हा इथे हाताच्या अंतरावर उभा राहून कान पुढे करत होता. यात या माणसाच्या कानांचा काही दोष नव्हता.

बुवा पहिल्यांदाच घाबरले. ते पायरीवर बसले.

"आक्का… म्हणजे रोग खराच."

"खराच."

"आणि ती हाक?"

"तीही."

   मग बुवा परशरामकडे वळून काहीतरी म्हणाले. परशरामने कान जवळ नेला.

"काय म्हणता, बुवा?"

बुवांनी झांजेकडे बोट दाखवलं.

परशराम घुटमळला. त्याने आक्कांकडे पाहिलं, मग झांज हातात घेतली आणि जपून एकदा वाजवली. बुवांनी हातानेच 'आणखी' अशी खूण केली. परशरामने दुसऱ्यांदा वाजवली ती मोकळ्या हाताने.

"उद्या अशीच!" बुवा त्या झांजेच्या वर आवाज चढवत म्हणाले. "ऐकलंस? अशीच वाजव!"

"ऐकलंय!" परशराम ओरडला.

तरवाल्याला यातलं काही कळलं नाही, पण तोही हसला.

बुवा निघाले. वाकून आक्कांच्या पाया पडले. उंबऱ्यावर चिपळ्या तशाच पडल्या होत्या आणि आक्कांच्या गुडघ्यावर घडी केलेलं फडकं होतं. बुवांचा हात दोहोंच्या मध्ये थांबला.

आक्कांनी कुळथाचं सूप पुढे ओढलं.

"चिपळ्या घेऊन जा. इथे काही ठेवायचंच असेल, तर फडकं ठेव."