थेंबाचे मडके

गोदावरीच्या काठी कुंभीपट्टण नावाचे नगर होते. तेथे महीपाल नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व मणिकारांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सुनेत्र ठेवले गेले. मोठेपणी तो पारखी झाला. मणी उजेडात धरून तो मोल सांगे आणि दूरदेशीचे व्यापारीही ते मुकाट्याने मान्य करीत.

कुंभीपट्टणचे नाव झाले होते ते तांबड्या मण्यांमुळे. मण्यांचा दगड नदीच्या पात्रात कुठेही पडलेला असे. म्हशी त्यावरून चालत जात, धोबी त्यावर कपडे आपटत. लोक तो उचलून शेणाच्या आगीत भाजत, म्हणजे त्याला लाली चढे. मग तो ठोकून गोल करायचा, घासायचा आणि शेवटी त्याला भोक पाडायचे. हे शेवटचे काम सगळ्यांत अवघड. भोक नसलेला मणी दोऱ्यात ओवता येत नाही, म्हणून त्याला कोणी विचारीत नसे.

भोक एका बाजूने पाडून चालत नाही. कारागीर हिरकणी लावलेला सामता, म्हणजे भोक पाडायचे गिरमिट, फिरवीत मण्याच्या मध्यापर्यंत जाई, मग मणी उलटा करून दुसऱ्या बाजूने मध्यापर्यंत येई. दोन्ही भोके आत एकमेकांना भेटली तर मणी झाला. नाही भेटली तर त्याला आंधळा मणी म्हणत. हे काम चाले तेव्हा कारागिराच्या डोक्यावर एक मडके टांगलेले असे. त्याच्या बुडातून थेंब थेंब पाणी सामत्याच्या टोकावर पडे आणि दगडाची भुकटी न उडता तिचा चिखल होई. ही रीत आजा-पणजांपासून चालत आली होती. ती कशासाठी आहे, हे कोणी विचारीत नसे.

त्या नगरात सोमिल नावाचा श्रेष्ठी होता. त्याने राजाकडून नदीच्या पात्राचा मक्ता घेतला. त्यानंतर त्याला विचारल्याशिवाय कोणाला खडाही उचलता येईना. हिरकण्याही त्यानेच विकत घेतल्या. आपापल्या ओसरीवर बसणारे सत्तर कारागीर मग त्याच्या मांडवात ओळीने बसू लागले. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम करायचे आणि दोन शेर तांदूळ घेऊन घरी जायचे, असे ठरले.

सोमिल दुष्ट नव्हता. हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण त्याला दुष्ट म्हटले की आपण सगळेच मोकळे होतो. झाले असे, की नदीपलीकडच्या नगरातल्या एका व्यापाऱ्याने मडकी काढून टाकली. मडक्याखाली दिवसाला एक मणी होतो, कोरडे काम केले तर तीन होतात. त्याचे मणी स्वस्त झाले आणि गलबते तिकडे वळली. सोमिलाच्या तोंडचे पाणी पळाले. एका सकाळी त्यानेही सत्तर मडकी उतरवून मांडवामागे रचून ठेवली. त्या दिवसापासून प्रत्येक जण तीन मणी करू लागला. तांदूळ दोनच शेर राहिले.

मांडवातला सगळ्यांत निपुण कारागीर भद्रक. दोन वर्षांत त्याला खोकला लागला. त्याची बायको उत्पला नदीवर त्याचे उपरणे धुवायची, तेव्हा पाणी तांबडे व्हायचे. आधी तिला वाटले भुकटीच आहे. ते रक्त आहे हे कळले त्या दिवशी ती पारख्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा, तुमचं सगळे ऐकतात. तेवढी मडकी परत टांगायला सांगा," ती म्हणाली. "त्यांना आता पेजसुद्धा गिळवत नाही."

बोधिसत्त्व सोमिलाकडे गेला. सोमिलाने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"टांगतो की. आज टांगतो. पण पलीकडचा मणी स्वस्त आहे, पारखी. माझं दुकान बसलं तर ही सत्तर घरं कोणाच्या दारात जाणार? तुम्हीच सांगा."

बोधिसत्त्व तसाच परतला.

पुढे राजाने राणीसाठी एकशे आठ मण्यांची माळ करायला सांगितली. मधला मेरुमणी भद्रकाकडे आला. दुसऱ्या बाजूने अर्ध्यावर आला असताना त्याला खोकल्याची उबळ आली, हात हलला, भोक वाकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून आंधळा मणी निघाला. मेरुमणी दुसऱ्याने नव्या दगडातून केला, आणि उद्यापासून येऊ नकोस, असे भद्रकाला सांगण्यात आले. तो आंधळा मणी कमरेला खोचून तो घरी आला आणि ओसरीवर आडवा झाला. त्या दिवसापासून घरात तांदूळ येईना.

माळ दरबारात न्यायच्या दिवशी सोमिल पारख्याला म्हणाला, "मोल चढं सांगा. दहावा हिस्सा तुमचा." राजासमोर खरे बोलायची हीच वेळ आहे, आपण खरे बोललो की भद्रकाला त्याची जागा मिळेल, मडके मिळेल, असे बोधिसत्त्वाच्या मनात पक्के झाले होते. त्याने वाटेत नदीच्या पात्रातला एक दगड उचलून घेतला.

"सांगा पारखी, या माळेचं मोल काय?" राजाने विचारले.

बोधिसत्त्वाने तो दगड राजाच्या हातावर ठेवला. "महाराज, हा मेरुमण्याचा सख्खा भाऊ. याचं मोल काय कराल?"

राजा हसला. "याचं कसलं मोल?"

"दगड दोन्हीकडे तोच आहे. मण्यात जे वाढलं ते माणसाचं काम. मोल नदीत नाही, मक्त्यातही नाही. ते भद्रक नावाच्या एका कारागिराच्या आणि त्याच्यासारख्यांच्या हातात आहे. आणि ते हात आता भुकटीनं मरत आहेत." मग त्याने मडक्यांची हकिकत सांगितली.

सोमिलाची मान खाली गेली. राजाने दगड हातात फिरवून पाहिला आणि बोधिसत्त्वाला वाटले, आता मडकी टांगली जाणार.

"खरं बोललात," राजा म्हणाला. "मोल म्हणजे या लोकांचं काम. बरं, या कामाबद्दल त्यांना मिळतं काय?"

"दिवसाला दोन शेर तांदूळ, महाराज."

राजा प्रधानाकडे वळला. "मग आम्ही आजवर मण्यांचे फारच जास्त देत आलो."

माळ कारागिरांना दिलेल्या तांदळाच्याच मोलाने घेतली गेली. मडक्यांचा विषय निघालाच नाही. सोमिलाला जो खड्डा पडला तो त्याने मांडवातून भरून काढला, दोन शेरांचे दीड शेर झाले. हे कोणाच्या बोलण्यामुळे झाले ते कारागिरांना त्याच दिवशी कळले. दुसऱ्या दिवशी राजवाड्यातून बोधिसत्त्वाच्या घरी शेला आला, आणि राजपारखी म्हणून नेमणूकही, कारण त्याने खजिन्याचा मोठा खर्च वाचवला होता. बोधिसत्त्वाने दोन्ही परत पाठवले आणि तो भद्रकाच्या ओसरीवर गेला.

उत्पला त्याला पाहून आत निघून गेली. भद्रक हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला.

"पारखीदादा, तुम्ही एकाच बाजूनं भोक पाडलंत," तो म्हणाला. "आमच्या हातून काय होतं ते बोललात. आम्ही खातो किती ते विचारल्यावर तेही बोललात. पण ही दोन मापं वेगळी आहेत, हे सांगायचं राहिलं. ऊन मांडवाच्या पहिल्या खांबावर यायचं तोवर माझा एक मणी व्हायचा. माझे तांदूळ त्यातच फिटायचे. उरलेले दोन मणी मी कोणासाठी करत होतो, हे राजाला विचारायला हवं होतं."

बोधिसत्त्व तसाच उठून राजवाड्यात गेला. मोल ठरले आहे, आता त्यावर बोलणे नाही, असा निरोप त्याला देवडीवरच मिळाला. तिसऱ्या दिवशी भद्रक वारला. बोधिसत्त्वाने अनेक जन्मांत अनेक दुःखे पाहिली, पण आपल्याच खऱ्या बोलण्याने दुसऱ्याच्या ताटातला घास जावा, असे दुःख त्याने पूर्वी पाहिले नव्हते.

तो सोमिलाकडे गेला आणि म्हणाला, "भद्रकाची जागा मला द्या. मी मडक्याखाली बसेन."

सोमिलाला ती थट्टा वाटली. मग त्याने पारख्याचा चेहरा पाहिला. "मडक्याखाली एकच मणी होईल. तांदूळही एकाच मण्याचे मिळतील."

"चालेल."

बोधिसत्त्वाने मांडवामागून एक मडके काढले, धुतले आणि टांगले. शेजारचे कारागीर त्याच्याकडे बघत नसत. त्याच्यापाशी थेंब पडत होते, पण बाकीच्या एकोणसत्तर जणांची भुकटी उडून त्याच्याच नाकातोंडात जात होती. एकट्याच्या मडक्याने कोणी वाचत नाही, हे त्याला पहिल्या दिवशीच कळले. तरी तो उठला नाही. वर्षाने एका म्हाताऱ्याने मडके टांगले. सात वर्षांत अशी अकरा मडकी झाली. बाकीच्यांच्या घरी पोरे होती आणि अर्ध्या शेरात त्यांचे भागण्यासारखे नव्हते.

ओले मणी आणि कोरडे मणी एकाच टोपलीत पडत आणि एकाच भावाने विकले जात. कोणता मणी माणूस मारून झाला आहे, हे हातात घेऊन कोणालाच सांगता येत नसे. सुनेत्रानेही पुष्कळदा मणी उजेडात धरून पाहिला. एवढा मोठा पारखी, पण त्यालाही ते दिसले नाही.

सातव्या वर्षी तो त्याच खोकल्याने गेला. त्याची रक्षा नदीत सोडायला उत्पला आली होती. भद्रकाचा आंधळा मणी तिने जपून ठेवला होता. दोऱ्यात ओवता येत नव्हता, म्हणून तो तिच्या गळ्यात कधी पडला नाही. तिने तो पाण्यात टाकला आणि पात्रातल्या दगडांत तो कुठे गेला ते तिलाही दिसले नाही.

पुष्कळ जन्मांनंतर एका विहारात नवे सभागृह बांधून झाले होते. भिक्षू खांबावर कोरलेले दात्याचे नाव वाचून त्याची वाखाणणी करीत होते आणि एक जण विचारीत होता, याला खर्च किती आला असेल? तेव्हा शास्त्याने, म्हणजे त्यांच्या गुरूने, त्यांना ही कथा सांगितली. शेवटी तो म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आता खर्च विचारणारा हा भिक्षू. सोमिल म्हणजे या खांबावर ज्याचे नाव आहे तो उपासक. भद्रक म्हणजे हा खांब उभा करताना त्याखाली सापडून मेलेला पाथरवट. त्याचे नाव तुमच्यापैकी कोणालाही ठाऊक नाही. उत्पला बाहेर आहे. आपण बसलो आहोत ती जमीन सारवून ती आता हात धूत आहे. आणि सुनेत्र मी होतो. या कथेतला गुण सत्य आहे, असे समजू नका. सत्य मी अर्धेच बोललो होतो. त्यानंतर उठून भद्रकाच्या रिकाम्या जागेवर बसलो, एवढेच माझ्या हातून झाले. त्याला करुणा म्हणतात."