दिवा लावणारी ओळ

एका गावात बायकांचे एक भजनी मंडळ होते. त्या मंडळाची रीत अशी, की ओळीचा पहिला अर्धा भाग मुख्य गाणारणीने म्हणायचा आणि दुसरा अर्धा तिच्या शेजारी बसून झील धरणारीने उचलायचा. तान्हूबाई म्हणायची, "ये गं माये, वाट पाहते," की गजराबाई लगेच झेलायची, "दिवा लावुनी दारी राहते." दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या होत्या, आणि तेव्हापासून शेजारीशेजारी बसून गात होत्या. तान्हूबाईला मध्येच ठसका लागला, तर गजराबाई ओळ अशी पुढे न्यायची की ऐकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

एका वर्षी गजराबाई तापाचे निमित्त होऊन गेली.

तान्हूबाईने तिच्या जागेवर कुणाला बसू दिले नाही. सतरंजीच्या त्या कोपऱ्यावर गजराचे टाळ ठेवलेले असत. तान्हूबाई अर्धी ओळ म्हणे आणि थांबे. उरलेल्या अर्ध्या ओळीपुरते सारे मंडळ गप्प बसे. परगावच्या लोकांना वाटे, भजन संपले. ते बिचारे प्रसादाला हात पुढे करीत. "असलं भोकाभोकाचं भजन कोण ऐकणार?" बायका आपसात कुजबुजत. पण तान्हूबाईसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. हळूहळू आमंत्रणे येईनाशी झाली, आणि मंडळ मोडायची वेळ आली.

अशात डोंगरावरच्या एका तळ्याकाठच्या गावाहून देवीच्या उत्सवाचे बोलावणे आले. "तिथल्या तळ्यावर गायलं की डोंगर झील धरतो म्हणे," कुणीतरी सहज म्हणाले. तान्हूबाईने ते मनात धरले. गजरा गेल्यापासून घरात, विहिरीवर, वाटेवर तिचे कान त्या एकाच आवाजाकडे लागलेले असत. न जाणो, तिथे सापडला तर! सगळ्यांच्या आधी तिचे बोचके बांधून झाले.

तिथे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या बायका धर्मशाळेत चुलीपाशी शेकत बसल्या होत्या, तेव्हा ती एकटीच तळ्याच्या पायऱ्या उतरली. तिन्ही बाजूंनी डोंगर होते. पाणी इतके निवांत, की देवळाचा कळस त्यात उलटा उभा होता. तिने डोळे मिटून सूर लावला, "ये गं माये, वाट पाहते."

समोरून आवाज आला, "वाट पाहते..."

"गजरे!" तिने हाक मारली.

"गजरे!" डोंगर म्हणाला.

तिने पुन्हा म्हटले. पुन्हा तेच आले. कितीही वेळा म्हटले, तरी डोंगर वाट पाहण्यापुढे जाईना. दिवा काही लागेना. शेवटी तिला ठसका लागला. डोंगरही खोकला! तान्हूबाईला हसू फुटले, आणि हसता हसता ती रडू लागली. "गजरे, तू असतीस तर मला असं खोकत ठेवलं असतंस का गं?"

डोळे पुसून तिने आणखी एकदा ओळ उचलली. पण सूर अर्ध्यातच तुटला. तोच मागून एक घरघरता, जाडाभरडा आवाज आला, "दिवा लावुनी दारी राहते."

वरच्या पायरीवर कौसाबाई उभी होती. ही बाई कितीतरी वर्षे मंडळात शेवटच्या रांगेत बसायची. ती तोंड धुवायला आली होती. तान्हूबाई वळताच ती एक पायरी मागे सरली.

"चुकलं आक्का. ओळ लोंबकळत राहिली, मला राहवलं नाही."

तान्हूबाई तिच्याकडे बघत राहिली. हा आवाज गजराचा नव्हताच. गजराचा बारीक, गोड. हिचा जात्याच्या घरघरीसारखा. पण ओळ तीच होती. केवढ्या दिवसांनी ती पुरी झाली होती! रागवायचे म्हटले, तरी तिला राग येईना.

"खालच्या सुरात लावलीस," ती म्हणाली.

"माझा वर चढत नाही, आक्का."

"मग मी खाली येते. म्हण."

ऊन वर येईपर्यंत दोघी गात होत्या. गजराची आठवण तेवढीच येत होती, कमी झाली नव्हती. पण छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि ते शांत पाणी तान्हूबाईला आता कुठे दिसले.

संध्याकाळी देवळात सतरंजी पसरली. तान्हूबाईने कोपऱ्यावरचे टाळ उचलले आणि कौसाबाईच्या हातात दिले.

"गजराचे आहेत. गप्प ठेवलेले तिला आवडायचे नाहीत."

त्या दिवशी भजन संपेपर्यंत एकानेही प्रसादाला हात पुढे केला नाही.

तात्पर्य: माणूस गेले तरी त्याची ओळ थांबवू नये, ती दुसऱ्याच्या आवाजात ऐकायची तयारी झाली, की मनाला विसावा मिळतो.