टेकाडावरची टाकी

"मग हे जादाचं पाणी येतंय कुठून?" सरांनी विचारलं.

उल्हासला प्रश्नच कळला नाही. जादाचं म्हणजे कुठलं?

हुद्देदार सर पेन्सिल कानावर अडकवून नुसते त्याच्याकडे बघत राहिले. तंत्रनिकेतनात शिकवायचे तेव्हाही असेच बघायचे, आणि वर्गातल्या भल्याभल्यांची तंतरायची.

पण उल्हास नाईकनवरे आता वर्गातलं पोरगं थोडंच राहिला होता? नळयोजनेचं गणित करणारा प्रोग्रॅम त्यानं लिहिला होता. कुठल्या पाइपातून किती पाणी वाहील, कुठल्या नळाला किती दाब मिळेल, सगळं बसल्या जागी सांगायचा. निंबळे गावची योजना त्याच प्रोग्रॅमवर झाली. आता जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांचे नकाशेही त्यानं त्यावरच काढून ठेवले होते. घोडं अडलं होतं एका सहीपाशी. मंजुरीच्या समितीवर हुद्देदार सर होते. आपलेच सर, म्हणजे सही झाल्यात जमा, असं धरून पठ्ठ्या पेढे घेऊन आला होता.

पेढ्यांचा बॉक्स अजून कोनाड्यात तसाच होता. सरांनी उघडलाही नव्हता.

निवृत्त झाल्यावर सरांनी निंबळ्यातच, टेकाडाच्या पायथ्याशी दोन खोल्या बांधल्या होत्या. मागं चढावर खाणकामगारांची वस्ती. दारात पोचे आलेली एक पितळी घागर पालथी घातलेली होती. येताना उल्हास तिला अडखळून पडता पडता वाचला होता. असली मोडकी घागर कुणी दारात ठेवतं का, असं त्याच्या मनात आलं, पण म्हणाला काही नाही.

सरांनी मग कागद त्याच्यापुढं सरकवला. गणित कसलं, साधी बेरीज होती. गावच्या मोठ्या टाकीतून निघणारं पाणी एका बाजूला, गावातले सगळे नळ मिळून घेतात ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही आकडे उल्हासच्याच प्रोग्रॅमचे.

"टाकी देते त्याहून जास्त पितंय तुझं गाव," सर म्हणाले.

उल्हासला हसू आलं. म्हातारपणी बेरजा चुकायच्याच. कॉम्प्युटर कधी बेरजेत चुकत नाही, हे त्यानं सरांना अगदी गोड शब्दांत समजावलं. आणि वस्तीत पाणी चढत नसेल, तर खालच्या आळीतले लोक नळाला मोटारी लावतात, त्याला प्रोग्रॅम काय करणार, हेही सांगून टाकलं. लोकच तसे. मग दाखवायला म्हणून त्यानं लॅपटॉप उघडला. गावाचा नकाशा आला. पाइप निळे, नळ हिरवे. मोठ्या टाकीपासून तो बोट फिरवत फिरवत वस्तीपर्यंत आला.

बोट टेकाडावर थांबलं.

तिथं आणखी एक टाकी होती. नावही होतं तिला. 'तात्पुरती'.

त्यानं बोट पटकन मागं घेतलं.

"काय रे?"

त्याला आठवलं होतं. योजना सादर करायची वेळ झाली, आणि आकडे काही केल्या स्थिर होईनात. एकदा वर, एकदा खाली. वस्ती उंचावर, पाणी तिथवर पोचतच नव्हतं. मग त्यानं टेकाडाच्या माथ्यावर एक टाकी ठेवून दिली. खरी नव्हे, गणितातली. कधी न आटणारी. चोखणी तोंडात दिलेल्या पोरासारखे आकडे एकदम गप्प झाले. उद्या काढू, म्हणाला.

विसरला म्हणावं, तर तसंही नाही. एकदा काढून बघितली होती. आकडे पुन्हा उधळले, म्हणून परत ठेवली. मग मात्र विसरला. विसरणंच सोयीचं होतं, काय करता!

"सर, एका क्लिकचं काम आहे," तो घाईनं म्हणाला, आणि टाकी पुसून टाकली. वस्तीतले हिरवे नळ झर्रकन लाल झाले. म्हणजे तिथं पाणी चढतच नाही. "बघा. आता बरोबर आलं." आणि खरं सांगायचं, तर त्याला आनंद झाला होता. प्रोग्रॅममध्ये खोट नव्हती. त्यानं सहीचा कागद अलगद पुढं केला.

सर उठले. चपला पायात सरकवल्या.

"ती घागर घे," ते म्हणाले. "आणि चल."

वस्तीत घरटी नळ होता. पितळी तोट्यांचे, सिमेंटच्या ओट्यावर बसवलेले, झकास नळ. एका नळावर कुणी फ्रॉक वाळत घातला होता. एकाला शेळी बांधली होती. तोटी फिरवून बघायच्या भानगडीत आता कुणी पडत नव्हतं. चढता चढता सर सांगत होते. नळ लागले, तसा वस्तीचा टँकर बंद झाला. कागदावर पाणी आलं होतं ना, मग टँकर कशाला? अर्ज केले, खेटे घातले. साहेबांनी दर वेळी उल्हासचाच नकाशा काढून दाखवला. हिरवा नळ आहे म्हणाले, दाब भरपूर आहे म्हणाले. उल्हास ऐकत होता. घागर हातात जड नव्हती, पण कशी धरावी ते त्याला समजेना.

माथ्यावर काही नव्हतं. दगड, वाळकं गवत, वारा.

"इथंच ना?" सरांनी विचारलं.

"...हो सर."

"भर."

उल्हास हसायला गेला. सरांचा चेहरा बघून हसू जागच्या जागी जिरलं.

"सर, इथं काहीच नाहीये."

"तुझी टाकी कधी आटत नाही. भर."

माथ्यावरून पलीकडची दगडखाण दिसत होती. उभे कापलेले कडे, आणि तळाशी साचलेलं हिरवं पाणी. वस्ती आता तिथून पाणी भरायची. वस्तीतल्या यल्लव्वाची पोरगी दुर्गी चैत्रात तिथंच घसरली. घागर तेवढी तरंगत राहिली, त्यावरून कळलं. दुर्गी दुसऱ्या दिवशी मिळाली. सरांनी हे सगळं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. उल्हासनं ती बातमी पेपरात वाचली होती. अरेरे म्हणून पान उलटलं होतं.

त्यानं हातातल्या घागरीकडं बघितलं.

"हीच," सर म्हणाले. "नळ बसत होते तेव्हा टँकर सोडायला वस्ती तयार नव्हती. मीच घरोघर गेलो. माझ्या विद्यार्थ्यानं गणित केलंय म्हणालो, टँकर जाऊ द्या. दुर्गीचे दिवस झाल्यावर यल्लव्वा ही घेऊन माझ्या दारात आली. रडली नाही. म्हणाली, मास्तर, तुमच्या पोरानं गणित केलंय ना, मग नळाला पाणी आलं की हीच भरून द्या. तोवर मला घरात नको."

उल्हासनं घागर दोन्ही हातांनी धरली.

"बाकीच्या गावांत अशा किती टाक्या ठेवल्यास?" सरांनी विचारलं.

उल्हास घागरीचा पोचा अंगठ्यानं चाचपत राहिला.

"किती, उल्हास?"

"सर... त्या सगळ्या तात्पुरत्याच आहेत."

सहीचा कागद खाली घरात तसाच पडून होता. त्याचं नाव दोघांनीही काढलं नाही. मग सरांनी वस्तीतल्या एका निळ्या दाराकडं बोट केलं. दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती.

"ती यल्लव्वा. तिची घागर तिला देऊन ये," सर म्हणाले. "आणि रिकामी का आणलीस, ते तूच सांग."